खाऱ्या हवेतला वॉकमन

गणपतीच्या आधी पोटमाळा साफ करायला घेतला की ट्रंकेतून वॉकमन निघतो. सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दहा-पंधरा कॅसेट असतात, त्यातल्या एकीची फीत बाहेर लोंबत असते आणि हेडफोनचा स्पंज हात लावताच भुगा होतो. पहिली इच्छा होते ती दोन नवे पेन्सिल सेल घालून प्ले दाबायची. तेवढं मात्र करू नका. मोटरच्या जोरावर चाकं फिरवणारा आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला असू शकतो, रोलर अडकलेला असू शकतो, आणि यंत्रात जी कॅसेट तशीच राहिली आहे तिची फीत पहिल्या पाच सेकंदांत खाल्ली जाऊ शकते. यंत्रात राहिलेली कॅसेट म्हणजे शेवटपर्यंत ऐकली गेलेली, म्हणजे घरातली सगळ्यांत लाडकी. तिच्यावर प्रयोग नको.

शहरातला वॉकमन वापरून झिजतो. आपल्याकडचा, कोकणातला, नुसता ठेवून मरतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा उतरतच नाही, आणि किनाऱ्यालगत त्या ओलाव्यात मीठ असतं. हे मीठ सेलच्या स्प्रिंगा, हेडफोनचं भोक, आवाज कमी-जास्त करायची चकती, बारीक स्क्रू, जिथे धातू उघडा आहे तिथे बसतं. मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तरी त्या जागा ओलसरच राहतात आणि गंज चालू राहतो. चालू यंत्रात सांधे एकमेकांवर घासून थोडेफार साफ होत असतात, पट्टा फिरत असतो, तेल पसरत असतं. बंद यंत्रात यातलं काहीच होत नाही.

एवढी मेहनत कशासाठी, तर ऐकण्यासाठी. सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विकायला काढला. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती, कारण एकट्याने कानात घालून गाणी ऐकणं लोकांना शिष्टपणाचं वाटेल अशी बनवणाऱ्यांना धास्ती होती. आपल्याकडे तो मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर आणि आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून आला. भरलेल्या घरात, पडवीत दहा माणसं बसलेली असताना एकाला स्वतःचं असं काही ऐकता येणं, ही त्याने दिलेली नवी गोष्ट होती. आणि इथे तिला आणखी एक कारण होतं. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मोठ्या टेपरेकॉर्डरचा आवाज दोन हातांवर ऐकू येत नाही. लाइटही बऱ्याचदा गेलेली असते. अशा वेळी संगीत ऐकायचं तर कानाला चिकटलेला छोटा स्पीकर आणि दोन सेल एवढाच मार्ग होता. कोकणातल्या अनेकांच्या डोक्यात काही गाणी आजही पावसाच्या आवाजासकटच वाजतात ती यामुळे.

आता यंत्राकडे. सुरुवात सेलच्या कप्प्यापासून.

सेल फुटलेले असतील तर आधी ते कोणत्या जातीचे आहेत ते पाहा, कारण उपाय उलटे आहेत. अल्कलाइन सेलमधून बाहेर येतं ते अल्कली असतं आणि वाळल्यावर त्याची पांढरी भुकटी होते. त्यावर पांढरं व्हिनेगर, कापसाच्या काडीवर दोन-तीन थेंब. बारीक फेस येतो, तो थांबला की पुसायचं. जुने साधे झिंक-कार्बन सेल असतील तर गळलेला पदार्थ आम्लधर्मी असतो, तपकिरी आणि चिकट. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून. दोन्हींनंतर डिस्टिल्ड पाण्याची काडी फिरवायची, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे दुकानात आयपीए नावाने मिळतं, ९९ टक्क्यांचं घ्या. जखमेला लावायचं स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी असतं आणि कधीकधी तेलही. व्हिनेगर घरात नसेल तर लिंबू चालेल. आगळ मात्र लावू नका. आंबट असलं तरी त्यात मीठ असतं, म्हणजे जो रोग काढायचा तोच पुन्हा घालण्यासारखं होईल. हातमोजे घाला, आणि भुकटी फुंकून उडवू नका.

स्प्रिंग हिरवी पडली असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. तुटली असेल तर जुन्या टॉर्चची स्प्रिंग कापून डाग देता येते. डाग धरत नसेल तर वायर सोलून पाहा. गळलेलं रसायन प्लास्टिकच्या आवरणाखालून तांब्यावर बोट-दोन बोटं आत सरकतं आणि तांबं काळं पडतं. काळं तांबं कथील धरत नाही. ती वायर बदलायचीच.

उघडताना घाई नको. मागे साधारण चार ते सहा स्क्रू असतात. एखादा सेलच्या झाकणाखाली असतो, एखादा कॅसेटच्या दारात. कोऱ्या कागदावर यंत्राची आकृती काढून ज्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतला सर्किट बोर्ड फोडतो. खाऱ्या हवेने स्क्रू गंजून बसला असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने द्या आणि रात्रभर सोडा. स्प्रे मारू नका, तो पट्ट्यापर्यंत जातो. पट्टा काढण्याआधी त्याचा मार्ग फोनमध्ये टिपा, दोन-तीन कोनांतून. वॉकमनमध्ये पट्टा कधी मोटरच्या पुलीवरून सरळ जातो, कधी मधल्या चाकाला मागून वळसा घालतो. उलटा बसला तर फिरायला लागतो पण फीत गुंडाळली जात नाही.

पट्टा हे या सगळ्यातलं मुख्य दुखणं. काही पट्टे नुसते सैल पडतात, काही कडक होऊन तुटतात, आणि काही अक्षरशः वितळतात. वितळलेला पट्टा म्हणजे काळा चिकट राप. तो कपड्यावर लागला तर निघत नाही, म्हणून खाली वर्तमानपत्र. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून, आयपीएमध्ये भिजवून, पुलीची खाच सगळी कोरून काढावी लागते. खाचेत थोडा जरी राप राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला पट्टा तिथे उचलला जातो आणि सूर हेलकावे खातो. सनईसारखा लांब धरलेला सूर लावून पाहा, थरथर लगेच कळते.

नव्या पट्ट्याचं माप असं काढायचं. जाड दोरा पट्ट्याच्या मार्गाने फिरवा, ताणू नका, टोकं जुळतात तिथे कापा आणि मोजा. समजा २२० मिलिमीटर भरला. त्यातून ५ टक्के कमी करा, राहिले २०९. हा झाला पट्ट्याचा घेर. दुकानदार व्यास विचारतो, म्हणून ३.१४ ने भागा, म्हणजे साधारण ६६.५ मिलिमीटर. जाडी बहुतेक वॉकमनना चौकोनी ०.७ ते १ मिलिमीटर लागते. जाड किंवा घट्ट पट्टा घातला तर मोटर कण्हते, सेल लवकर उतरतात आणि वेग मंदावतो. सैल घातला तर फीत ओढली जाते पण गुंडाळणारं चाक मागे पडतं, आणि सुटलेली फीत रोलरभोवती गुंडाळते. टेप खाल्ली म्हणतात ती अशी. मिश्र मापांच्या पट्ट्यांची पाकिटं ऑनलाइन मिळतात. मुंबईला जाणारं कोणी असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना पट्टा नेऊन दाखवणं सगळ्यांत बरं. केसांचं किंवा पैशांच्या गड्डीचं रबर लावायचा मोह टाळा. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि आपल्या हवेत ते एका पावसाळ्यात फुटतं.

त्यानंतर फीत ओढणारी जोडी. कॅपस्टन म्हणजे चकचकीत बारीक दांडी आणि तिला टेकणारा रबरी पिंच रोलर. फितीचा वेग ही दांडी ठरवते, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. रोलर आयपीएच्या काडीने पुसा, तपकिरी निघायचं थांबेपर्यंत काड्या बदला, मग लगेच कोरडा करा. रबर काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर ६०० च्या पेपरने हलकेच खरवडा. भेगा असतील तर रोलर बदला. कॅपस्टनवर मात्र पॉलिश पेपर कधीच लावू नका. तिच्यावर गंजाचे टिपके असतील तर मऊ कापड आणि धातू उजळायची पेस्ट, एवढंच. दांडीवर ओरखडा पडला की तो फितीवर उमटतो, प्रत्येक कॅसेटवर. दांडीच्या बुडाशी हलक्या मशीन तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावर मावेल एवढाच. खोबरेल नाही. आपल्याकडे कशालाही खोबरेल लावायची सवय आहे, पण ते हवा २४ अंशांच्या खाली गेली की थिजायला लागतं आणि काही महिन्यांत चिकट होऊन बेअरिंग धरतं.

हेड म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो आवाज उचलणारा धातूचा तुकडा. तो पुसणं सोपं आहे, आडव्या दिशेने दोन-तीन काड्या. गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटत असेल तर बहुतेक वेळा दोष हेडवरच्या तपकिरी थराचा असतो. पुसूनही आवाज खुलला नाही तर हेडचा कोन, दुरुस्तीवाले ज्याला अ‍ॅझिमथ म्हणतात तो, सरकला असेल. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. आधी त्याच्या मूळ जागेची खूण करा. मग एखादी ओळखीची, झांज किंवा टाळ असलेली कॅसेट लावून स्क्रू दोन्ही दिशांना, पाव फेऱ्याच्या आतच, हळूहळू फिरवा. टाळाचा खणखणाट जिथे सगळ्यांत टोकदार येतो ती जागा. कानाला इथे पूर्ण विश्वासाने वापरा, मीटर लागत नाही.

वेगही कानाने आणि घड्याळाने बघता येतो. बाजू पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत २० मिनिटांची आहे असं ठाऊक असलेली विकतची कॅसेट लावा. ती १९ मिनिटं २५ सेकंदांत संपली तर वेग ३ टक्के जास्त आहे. मोटरच्या पाठीवर किंवा बोर्डवर बारीक भोकात वेगाचा स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा. चाचणीसाठी नेहमी अशी कॅसेट घ्या जी गेली तरी वाईट वाटणार नाही.

कॅसेटची गोष्ट यंत्रापेक्षा नाजूक आहे, म्हणून तिला जास्त वेळ द्या.

आधी खिडकीतून आत बघा. गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती फक्त पसरते. म्हणून पहिलं काम वाळवण्याचं. उन्हात नको, वैशाखातल्या अंगणातल्या उन्हाने आवरण वाकतं. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घालून सात-आठ दिवस ठेवा. वाळली की बुरशी धुळीसारखी सुटते. मग नाकाला फडकं बांधून, घराबाहेर, आवरण उघडा. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर सोपं काम आहे. चिकटवून बंद केलेली असेल तर जोडावर पातळ सुरी घालून फोडावी लागते आणि फितीचे दोन्ही गठ्ठे दुसऱ्या रिकाम्या, स्क्रूवाल्या आवरणात बसवावे लागतात. कडा मऊ ब्रशने झाडा. फीत हाताने गुंडाळताना दोन बोटांत धरलेल्या कोरड्या मऊ कापडातून जाऊ द्या, कापड दर मिनिटाला सरकवा. सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची कॅसेट, तिच्यात साधारण ९० मीटर फीत असते, तेव्हा अर्धा तास धरून चला. जुनं आवरण, त्यातले कागदी पत्रे आणि बुरशी धरलेलं लेबल फेकून द्या, पण लेबलावर हाताने लिहिलेलं आधी टिपून ठेवा.

आवरण उघडलंच आहे तर मधला फेल्टचा तुकडा बघा. पितळी पट्टीवर चिकटवलेला हा तुकडा फीत हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की तुकडा गळून आतच खुळखुळतो, आणि मग गाणं दूरवरून येतं. लोक हेडला दोष देतात. जुन्या नको असलेल्या कॅसेटमधली पट्टी काढून बसवली की झालं. फीत तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद आपल्या उन्हाळ्यात बाजूने पाझरतो आणि शेजारच्या थरांना चिकटतो. जोडपट्टी वेगळी मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत कापा, टोकाला टोक भिडवा, आणि पट्टी फितीच्या मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून थर एकमेकांना हलके चिकटलेले असतात आणि एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटलेला असतो. गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याच गाण्याची सावली ऐकू येते ती यामुळे. सी-९० मध्ये फीत पातळ असल्याने हे जास्त होतं. मागे-पुढे केल्याने सावली थोडी कमी होते. पहिल्या खेपेला वॉकमनच्या मोटरवर हा भार नको, सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून हाताने फिरवा. जिथे अडकतं तिथे हाताला कळतं, मोटरला कळत नाही.

आता कोणती कॅसेट आधी वाचवायची. माझं मत स्पष्ट आहे. दुकानातून विकत आणलेली चित्रपटगीतं, नाट्यगीतं, भावगीतं शेवटी. ती आज कुठूनही मिळतात. आधी त्या कॅसेट ज्यांच्यावर बॉलपेनने गावाचं नाव लिहिलेलं आहे. शिमग्यातलं नमन, रात्रभर चाललेला शक्ती-तुऱ्याचा सामना, डबलबारी भजन, दशावतारातली पदं, लग्नघरातल्या ओव्या. मांडवाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टांगून कोणीतरी केलेलं ते एकमेव ध्वनिमुद्रण असतं. गाणारे बुवा गेले, त्यांची चाल पुढे कोणी घेतली नाही, आणि ती चाल आता फक्त त्या फितीवरच्या गंजासारख्या तपकिरी भुकटीत आहे. अशा कॅसेट हाती लागताच पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका. बाजू अ आपल्याकडे, फीत खाली, अशी धरली की वरच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी बाजू अ ची. ती मोडली की त्या बाजूवर चुकून दुसरं काही मुद्रित होत नाही.

या कॅसेट संगणकावर घेणं कठीण नाही. वॉकमनच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची दोन्ही टोकं सारखी असलेली स्टीरिओ वायर. लॅपटॉपचं माइकचं भोक टाळा, ते बहुधा मोनो असतं आणि आवाज चिरकतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. वॉकमनचा आवाज निम्म्यावर, बास वाढवायचं बटण बंद. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, आणि सगळ्यांत मोठा ठोका मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास. घुंईं असा आवाज मागे येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. एक मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे सी-६० ला ६०० एमबी. मूळ प्रत फ्लॅक प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, तिला जागा कमी लागते आणि आवाज जराही जात नाही.

गावच्या ध्वनिमुद्रणात एक खास खोट असते. रात्र सरत जाते तसे टेपरेकॉर्डरचे सेल उतरतात, फीत हळू धावते, आणि आज योग्य वेगाने वाजवली की बुवांचा आवाज पहाटेपर्यंत चढत गेल्यासारखा वाटतो. याला पेटीचा आधार घ्या. मंडळातल्या जुन्या माणसांना बुवा कोणत्या पट्टीत गात ते आठवतं. समजा काळी एक. फाइलमधला षड्ज पांढरी दोनवर येत असेल तर अर्धा सूर चढलेला आहे, म्हणजे वेग सुमारे ५.६ टक्के कमी करायला हवा. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणारी सोय वापरा, नुसता सूर बदलणारी नको, नाहीतर मृदुंगाची लय चुकीचीच राहते. चढ हळूहळू वाढत गेला असेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाचा षड्ज वेगळा जुळवावा लागतो. वेळखाऊ आहे, पण बुवांचा खरा आवाज परत येतो तो क्षण या सगळ्या कष्टांच्या वर आहे.

सुई पडली तरी ऐकू येईल इतका शांत आवाज करायच्या नादाला लागू नका. घरघर काढणारं साधन जास्त वापरलं की आधी झांज आणि टाळ जातात, पाण्यात बुडवल्यासारखे वाजतात. जनरेटरचा आवाज असेल तर ५० आणि १०० हर्ट्झवर अरुंद काप, म्हणजे नॉच फिल्टर, द्या, बस. मृदुंगाच्या प्रत्येक थापेला गाणं दबतं ते टेपरेकॉर्डरने आपोआप आवाज आवरल्यामुळे, आणि त्याला आता इलाज नाही. फितीची मूळची सरसर राहू द्या.

मग खिशात घेऊन फिरायला छोटा मेमरी कार्डचा प्लेअर. अ‍ॅपलचा पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला तेव्हा ५ जीबीत हजार गाणी हे नवल होतं. आज ३२ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात १९२ केबीपीएसच्या एमपी३ चे सुमारे ३७० तास बसतात. फोन आहे की, असं कोणीही म्हणेल. पण कोकण रेल्वेने उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि नेटवरून येणारं गाणं मध्येच तुटतं. प्लेअरमधलं तुटत नाही, त्यात फोनही येत नाही. स्वस्त प्लेअरची एक खोड लक्षात ठेवा. ते गाणी नावाच्या क्रमाने नाही, तर कार्डावर ज्या क्रमाने उतरवली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड फॅट३२ प्रकारात फॉरमॅट, म्हणजे कोरं, करून फाइली एकेक करून, क्रमाने उतरवा. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक. एका बाजूची गाणी तोडू नका. अर्ध्या तासाची सलग एकच फाइल ठेवा, कॅसेटचा क्रम डोक्यात पक्का असतो. एक गाणं संपता संपता पुढच्याचा पहिला सूर मनात आधीच लागतो, आणि तो लागल्यावर नेमकं तेच यायला हवं.

हेडफोन जुनाच वापरायचा तर नवा स्पंज घ्या, बहुतेकांना ४५ ते ५० मिलिमीटरचा बसतो. भोकात खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा पिनवर मारून पिन आत दहा-बारा वेळा गोल फिरवा.

साठवण आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी. पापड, फेण्या, सुकट डब्यात भरतो त्याच दिवसांत हेही काम उरकावं. रबरी कडेचा हवाबंद डबा, वीस लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. तांदळाचा उपयोग जवळजवळ नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, रंग परतला की उतरवा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा, ६५ च्या वर गेला तर बुरशीला आमंत्रण आहे. कॅसेट उभ्या, फीत पूर्ण एका टोकाला गुंडाळलेली, स्पीकरपासून लांब. वॉकमनही त्याच डब्यात, सेल काढून. महिन्यातून एकदा बाहेर काढून दहा मिनिटं वाजवा, म्हणजे पट्टा एकाच जागी वाकून राहत नाही आणि रोलरला खळगा पडत नाही. पावसाळ्यात डबा शक्यतो उघाड असलेल्या दिवशी दुपारी उघडायचा, आणि झाकणाच्या आत कागद चिकटवून दर वेळी तारीख आणि काट्याचा आकडा लिहायचा.

गावच्या कॅसेटच्या फाइलला नाव देताना आधी गाव, मग वर्ष, मग बुवांचं नाव, मग बाजू. एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून त्या बुवांच्या घरी नेऊन द्या.